मुलाचे अडते कोठे? – बालकांच्या अध्ययन-तपासणीत तंत्रिका-मानसशास्त्रज्ञाचे कार्य

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे एकापाठोपाठ येतात. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांसाठी वसले आणि १९४९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे सर्वपरिचित असले, तरी स्वातंत्र्योत्तर काळात ते वाढले ते आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत यांच्या आधाराने. मुंबईत घर परवडत नाही म्हणून बाहेर पडलेल्या नोकरदारांनी बदलापूर भरले. परिणामी या पट्ट्यातील शाळांच्या पटावर आगरी बोली बोलणारी मुले आहेत, देशावरून आणि कोकणातून आलेल्या कामगारांची मुले आहेत, सिंधी, हिंदी, गुजराती, तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलेही आहेत. अंबरनाथमधील बुवापाड्यासारख्या वस्तीतून शाळेत येणारे मूल घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि फळ्यावर तिसरी अशा तीन भाषांतून रोज ये-जा करीत असते.

अशा वर्गात तिसरी-चौथीपर्यंत पोहोचूनही ज्यांना सलग वाचता येत नाही, अशी काही मुले असतात. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याविषयी ठरावीक शब्द ऐकू येतात : मठ्ठ, आळशी, लक्ष नसलेले, घरी कोणी बघत नाही असे. यांतील प्रत्येक शब्द शिक्षकाला आलेला अनुभव सांगतो. मुलाच्या डोक्यात वाचनाची क्रिया नेमकी कोणत्या पायरीवर थांबते, हे त्यांतील एकही शब्द सांगत नाही. ती पायरी शोधणे हे ज्या शास्त्राचे काम आहे, त्यास न्यूरोसायकॉलॉजी म्हणजेच तंत्रिका-मानसशास्त्र असे म्हणतात.

हा विषय आज अधिक निकडीचा होण्यास एक प्रशासकीय कारणही आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मधील मूळ तरतुदीनुसार आठवीपर्यंत कोणत्याही मुलास त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत बदल करून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा यांची तरतूद केली. पूर्वी जे अपयश नववीत एकदम उघडे पडत असे, ते आता दहा-अकरा वर्षांच्या वयात उघडे पडणार. तोपर्यंत मुलाची तपासणी झालेली नसेल, तर तोच अभ्यासक्रम त्याच पद्धतीने पुन्हा एक वर्ष शिकविला जाईल आणि अडचण होती तेथेच राहील.

गुणांक आणि त्यामागील क्रिया

बुद्धिमापनाची सुरुवातच शाळेच्या गरजेतून झाली. नेहमीच्या वर्गात ज्यांचे शिक्षण नीट होत नाही अशी मुले ओळखता यावीत, म्हणून फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमाँ यांनी १९०५ मध्ये चाचणी तयार केली. महाराष्ट्राचा या परंपरेशी जुना संबंध आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. ती चाचणी आजही ‘बिने-कामत’ या नावाने वापरात आहे. नागपूर येथे डॉ. आर्थर मालिन यांनी वेक्सलर यांच्या बालचाचणीची भारतीय आवृत्ती १९६९ च्या सुमारास सिद्ध केली. सामाजिक परिपक्वता मोजणाऱ्या व्हाइनलँड श्रेणीचे भारतीय रूपही त्यांनीच घडविले. देशभरातील रुग्णालयांत मुलांची तपासणी होते तेव्हा या साधनांचा उपयोग होतो, ही बाब शिक्षणक्षेत्रातही फारशी कोणाला ठाऊक नसते.

परंतु बुद्धिगुणांक ही अनेक कामांची सरासरी असते आणि सरासरीत फरक लपतात. दोन मुलांचा गुणांक सारखाच नव्वद आला, अशी कल्पना करावी. पहिल्याचे शब्दज्ञान उत्तम, पण नकाशा, आकृती, ठोकळ्यांची रचना यांत तो फार मागे; दुसऱ्याचे नेमके उलट. आकडा एकच असला, तरी दोघांना एकाच रीतीने शिकविणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल.

तंत्रिका-मानसशास्त्राची दृष्टी येथे निराळी आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी दुसऱ्या महायुद्धात मेंदूला जखम झालेल्या सैनिकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. लिहिणे, वाचणे, मोजणे यांसारखी कामे मेंदूतील एखाद्या ठिपक्यात साठविलेली नसून अनेक भाग साखळीने ती पार पाडतात आणि साखळीतील कोणती कडी निखळली त्यानुसार चुकीचे स्वरूप बदलते, असे त्यांनी दाखविले. म्हणून या शास्त्रात उत्तर बरोबर की चूक यापेक्षा ते चुकले कसे, याला अधिक महत्त्व आहे. भारतात या शाखेचे मोठे कार्य बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत झाले असून तेथे मुलांसाठी स्वतंत्र चाचणीसंच तयार करण्यात आला आहे.

प्रत्यक्ष तपासणी कशी चालते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. मुलास पंधरा साध्या शब्दांची यादी वाचून दाखवितात आणि आठवतील तेवढे शब्द सांगावयास लावतात. तीच यादी पाच वेळा वाचली जाते. मग दुसरे काहीतरी काम देऊन वीस-तीस मिनिटांनी, यादी पुन्हा न वाचता, शब्द विचारतात. शेवटी बऱ्याच शब्दांतून यादीतील शब्द ओळखावयास सांगतात. एखाद्या मुलाला पाचव्या वाचनातही पाचच शब्द येतात : त्याच्याकडे माहिती आतच शिरत नाही. दुसरे मूल पाचव्या खेपेस तेरा शब्द सांगते, पण अर्ध्या तासाने तीनच : माहिती शिरते, टिकत नाही. तिसऱ्याला अर्ध्या तासाने तीनच शब्द आठवतात, परंतु समोर ठेवले की तो तेराही ओळखतो : माहिती आहे, ती वेळेवर बाहेर काढता येत नाही. वर्गात या तिघांनाही ‘पाठ होत नाही’ हेच विशेषण मिळते. पहिल्याला एका वेळी थोडे सांगावे लागेल. दुसऱ्याला आज शिकविलेले उद्या, परवा आणि पुढच्या आठवड्यात उजळून द्यावे लागेल. तिसऱ्याला रिकाम्या जागा भरण्याऐवजी जोड्या लावण्याचा प्रश्न दिला, तर त्याचे खरे ज्ञान दिसेल.

आकडे सांगून ते उलट क्रमाने म्हणावयास लावणे, गुंतागुंतीची आकृती पाहून काढणे, एका मिनिटात एका अक्षराने सुरू होणारे शब्द सांगणे, मनात येणारे पहिले उत्तर आवरून दुसरे देणे, अशा अनेक कसोट्या असतात. आकृती काढताना तज्ज्ञ घड्याळाइतकेच मुलाच्या हाताकडे पाहतो. बाहेरची चौकट आधी काढून मग तपशील भरणारे मूल योजना करते. एका कोपऱ्यातील रेघेपासून सुरुवात करून पुढे सरकणारे मूल योजनेत कमी पडते. आणि ज्याला योजना कळते पण रेघ सरळ जात नाही, त्याची अडचण हातात आहे. अशी तपासणी बहुधा एका बैठकीत पुरी होत नाही. दमलेल्या, भुकेल्या किंवा घाबरलेल्या मुलाची तपासणी म्हणजे दमण्याचे, भुकेचे आणि भीतीचेच मापन होय.

देवनागरीचे स्वतःचे प्रश्न

वाचन-अक्षमतेविषयीचे लोकप्रिय लेखन बहुतांशी इंग्रजीवर आधारलेले असते. मूल ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिते काय, हे तेथे पाहतात. मराठी शाळेतील शिक्षकाला त्याचा फारसा उपयोग नाही. आपल्या लिपीच्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या शिक्षकास स्वतःला ठाऊक असावयास हव्यात.

‘कि’ या अक्षरातील वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. अनुस्वाराचा टिंब एकच, पण ‘गंध’, ‘संप’, ‘संवाद’, ‘सिंह’ यांत त्याचा उच्चार निरनिराळा. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतील च लिहावयास एक आणि उच्चारावयास दोन. ‘र’ तर अनेक वेश घेतो : ‘कर्म’ मध्ये डोक्यावर चढतो, ‘प्रकार’ मध्ये पायाशी बसतो, ‘ट्रक’ मध्ये खाली फाटा होतो, ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ यांत तर त्याच्या रूपावर गुरुजी व स्वयंपाकी हा भेद अवलंबून असतो. घ-ध, भ-म, ब-व ही दिसण्यात जवळची अक्षरे सर्वांनाच चकवितात. व्यंजने, त्यांच्या बाराखड्या आणि जोडाक्षरे मिळून मुलाला शेकडो आकृती ओळखाव्या लागतात. कन्नड लिपीतील प्रारंभिक वाचनावर डॉ. सोनाली नाग यांनी केलेल्या संशोधनातून असे दिसले, की अशा अक्षरप्रधान लिपीवर प्रभुत्व येण्यास इंग्रजी वर्णमालेपेक्षा बरीच अधिक वर्षे लागतात. देवनागरीही त्याच कुळातील लिपी आहे. म्हणून दुसरीतील मूल जोडाक्षराशी अडखळले, एवढ्यावरून त्याच्या मेंदूविषयी काहीही बोलणे घाईचे ठरेल. चौथीत साध्या, काना-मात्रेच्या शब्दावरही प्रत्येक वेळी नव्याने झगडणारे मूल मात्र तपासणीस पाठवावे.

अंकवाचनात मराठीची आणखी एक गंमत आहे. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना चार आधी. ४७ च्या जागी ७४ लिहिणाऱ्या मुलाचा दोष पुष्कळदा भाषेच्या या वळणात असतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘चाळीस सात’ अशा धर्तीचे पर्यायी अंकवाचन दिले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्या वादात थट्टा बरीच झाली. मुलाच्या स्मरणावर पडणाऱ्या ओझ्याचा जो प्रश्न त्यामागे होता, त्याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

वजाबाकीच्या चुकाही वाचता येतात. ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहिणारे मूल प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करते. हातचा घेणे त्याला शिकविलेले पोहोचलेले नाही. ज्याचे अंक एकाखाली एक येतच नाहीत, त्याला चौकटीची वही दिली की निम्म्या चुका नाहीशा होताना दिसतात. आणि जे मूल रीत बरोबर लावूनही मध्येच हातचा विसरते, त्याची कार्यकारी स्मृती, म्हणजे काम चालू असताना माहिती मनात धरून ठेवण्याची शक्ती, तोकडी असू शकते. या तीन मुलांची उत्तरपत्रिका तपासताना तिन्ही ठिकाणी सारखीच लाल फुली पडते.

भाषा वेगळी, दोष नव्हे

या पट्ट्यात सर्वांत मोठी दक्षता घ्यावयाची ती भाषेच्या बाबतीत. आगरी बोलीत ‘पाणी’ चे ‘पानी’ आणि ‘डोळा’ चे ‘डोला’ होते. सिंधी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाच्या कानाला ‘ळ’ हा वर्ण शाळेतच प्रथम भेटतो. अशा मुलाने श्रुतलेखनात ‘डोला’ लिहिले, तर त्याने ऐकले तसे लिहिले. ध्वनी ओळखून त्याचे अक्षर करण्याचे कौशल्य त्याच्याजवळ शाबूत आहे, हेच त्यातून सिद्ध होते. चाचणी ज्या भाषेत घ्यावयाची ती मुलाला किती वर्षांपासून येते, हे विचारल्यावाचून काढलेला कोणताही गुणांक विश्वसनीय मानता येत नाही. चाचणीचे प्रमाणमानही कोणत्या मुलांवर बसविले आहे, हे पाहावे लागते. शहरी, इंग्रजी माध्यमातील मुलांच्या गुणांशी रोजंदारी करणाऱ्याच्या मुलाची तुलना करून त्यास अक्षम ठरविणे हे शास्त्राला धरून नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अक्षमतेच्या तपासणीसाठी ‘डाली’ नावाचे साधन २०१५ मध्ये प्रकाशित केले. हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर ते मराठीतही आहे. शिक्षकांनी वर्गात करावयाची प्राथमिक छाननी आणि तज्ज्ञाने करावयाची तपासणी असे त्याचे दोन भाग आहेत.

व्यवहारात एक साधी कसोटी उपयोगी पडते. मुलाला त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगता येते काय, खेळाचे नियम कळतात काय, दुकानातून चार वस्तू आणून सुटे पैसे नीट परत देता येतात काय? हे सर्व येत असून केवळ वाचन-लेखन अडत असेल, तर अडचण विशिष्ट आहे. घरच्या भाषेतही बोलणे उशिरा आले व मागे राहिले असेल, तर विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो.

आधी कान, डोळे आणि रक्त

मेंदूच्या चाचणीकडे वळण्यापूर्वी कान आणि डोळे तपासले पाहिजेत. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाला ‘त’ आणि ‘द’ यांतील फरक ऐकूच येत नसेल, तर त्याचे शुद्धलेखन कसे सुधारणार? श्रवणदोषाच्या निदानासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. रक्तक्षयाचा प्रश्न त्याहून व्यापक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळली. लोहाच्या कमतरतेचा अवधानावर आणि शिकण्यावर परिणाम होतो. उल्हासनगर परिसरासंबंधी आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण प्रमाणापेक्षा अधिक आहे. ज्या मुलास या आजारामुळे वरचेवर रक्त घ्यावे लागते, त्याची शाळा दर महिन्यास बुडते. त्याच्या मागे पडण्याचा हिशेब करताना हजेरीपुस्तक आधी उघडावे.

काही आजारांत मात्र तंत्रिका-मानसशास्त्रज्ञाची गरज थेट असते. जन्मतः उशिरा रडलेले मूल, क्षयजन्य मेंदुज्वरातून वाचलेले मूल, गच्चीवरून पडून डोक्याला मार लागलेले मूल, अपस्माराचे मूल यांची जखम बाहेरून दिसत नाही. मूल चालते, बोलते, हसते. घरचे म्हणतात, बरे झाले. सहा महिन्यांनी शाळेत कळते, की त्याला दोन सूचना एकामागून एक लक्षात राहत नाहीत. अपस्माराचा एक प्रकार तर शिक्षकांनी अवश्य ओळखावा असा आहे. त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. बोलता-बोलता काही सेकंद स्तब्ध होते, टक लावून पाहते, पापण्या फडफडतात आणि पुन्हा पूर्ववत होते. दिवसातून असे अनेक झटके येऊ शकतात आणि प्रत्येक वेळी पाठाचा एक तुकडा निसटतो. ‘खिडकीबाहेर बघत बसतो’ असा शेरा मिळालेल्या मुलांत असे एखादे मूल असू शकते. स्वप्नात रमलेले मूल हाक मारल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर भानावर येते. झटक्यात असलेले मूल येत नाही. हा आजार मेंदूच्या विद्युत-आलेखावरून निश्चित होतो आणि औषधाने बहुधा आटोक्यात येतो.

अंगणवाडीच्या वयात चाचण्यांपेक्षा निरीक्षण मोलाचे असते. वर्षाच्या मुलाने बडबड करावी, हवी ती वस्तू बोटाने दाखवावी. सोळा महिन्यांपर्यंत एखादा तरी शब्द यावा आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःचे वाक्य यावे. तसे न झाल्यास ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून थांबू नये. आलेले बोलणे कोणत्याही वयात नाहीसे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

बुवापाड्यापासून शीवपर्यंत

आता ही सेवा मिळते कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. या कार्यक्रमात फिरते आरोग्य पथक अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. जन्मजात व्यंग, पोषणाची उणीव, बालपणीचे आजार यांच्या बरोबरीने विकासातील विलंब हा चौथा भाग त्यात मुद्दाम घातलेला आहे. पथकाने शोधलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची कल्पना असून त्याच्या चमूत बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींचा समावेश आहे. तंत्रिका-मानसशास्त्रज्ञ असे वेगळे पद त्यात नाही. आपल्याकडे हे काम बव्हंशी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ करतात. त्यांतील ज्यांनी या शाखेचे विशेष शिक्षण घेतले आहे असे तज्ज्ञ मोठ्या संस्थांत एकवटलेले आहेत.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत मुंबईतील महानगरपालिकेच्या रुग्णालयांनी केलेले कार्य देशात अग्रेसर ठरले. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी कुलकर्णी, डॉ. सुनील कारंडे आदींनी तेथील विशेष चिकित्सालयातून या मुलांची शास्त्रशुद्ध तपासणी रूढ केली. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था १९९६ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने दहावीच्या परीक्षेत या विद्यार्थ्यांना सवलती दिल्या. असे करणारे हे देशातील पहिले राज्य होय. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित, दुसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव असे त्या सवलतींचे स्वरूप होते. तथापि त्या सवलतींचा लाभ प्रथम घेतला तो प्रामुख्याने मुंबईतील इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी, हे मान्य केले पाहिजे. मराठी माध्यमातील मुलाचे वाचन अडले, की ते घरच्या परिस्थितीमुळेच, असे गृहीत धरण्याची सवय अद्याप गेलेली नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. अधिनियमाच्या कलम १६ नुसार ही अक्षमता शक्य तितक्या लवकर शोधून योग्य अध्यापनविषयक उपाय योजणे हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी आणखी स्पष्टता आणली. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शाळेत छाननी करावी, प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली छाननी समिती असावी आणि मुख्याध्यापकांनी मुलास पुढील तपासणीस पाठवावे, असे त्यांत म्हटले होते. या सूचनांत २०२४ मध्ये सुधारणा झाली असल्याने प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना प्रचलित मजकूर पाहणे इष्ट. छाननी समितीची कल्पना कागदावर सोपी आहे; किती शाळांत ती खरोखर बसते, हे केंद्रप्रमुखांनी आपल्या भेटीत विचारून पाहण्यासारखे आहे.

बुवापाड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने हा मार्ग असा दिसतो. जवळचे रुग्णालय अंबरनाथचे छाया रुग्णालय. त्यापुढे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय. आणि तपशीलवार तपासणीसाठी ठाणे किंवा मुंबई. शीव त्याच मध्य रेल्वेवर आहे, हे खरे. पण सकाळच्या गर्दीत आठ वर्षांच्या मुलाला घेऊन अंबरनाथहून गाडीत चढणे, नोंदणी, बालरोगतज्ज्ञ, कान, डोळे, मग चाचण्यांच्या दोन-तीन बैठका आणि अहवालासाठी पुन्हा एक खेप, यांत रोजंदारी करणाऱ्या आईबापांचे चार-पाच दिवसांचे उत्पन्न बुडते. तिसऱ्या खेपेस मूल येत नाही, ते बहुतांशी या कारणाने. अंबरनाथ तालुक्यातील आतल्या गावांतून येणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. कान-डोळ्यांची तपासणी व रक्ताची चाचणी स्थानिक रुग्णालयात आधीच करून कागद सोबत दिले, तर दोन खेपा वाचतात. ग्रामपंचायत व नगरपरिषदांना दिव्यांगांसाठी आपल्या निधीचा काही भाग खर्च करावयाचा असतो. त्यातून प्रवासखर्च देण्याचा किंवा महिन्यातून एक दिवस तज्ज्ञाला तालुक्याच्या ठिकाणी बोलाविण्याचा विचार सदस्यांनी करावा.

शिक्षकाची वही आणि तज्ज्ञाचा अहवाल

तज्ज्ञापुढे मूल दोन-चार तास असते; शिक्षकापुढे ते वर्षभर असते. म्हणून मुलाबरोबर काय पाठविले जाते, यावर निदानाचा बराच भाग अवलंबून राहतो. ‘अभ्यासात कच्चा’ असा एक ओळीचा शेरा निरुपयोगी. त्याऐवजी मुलाच्या श्रुतलेखनाची दोन पाने, गणिताची दोन पाने, मोठ्याने वाचताना झालेल्या चुकांची जशीच्या तशी नोंद, घरची भाषा, शाळा बदलली असल्यास कधी व कोठून, गेल्या वर्षभराची हजेरी आणि जे चांगले येते त्याची माहिती द्यावी. चित्र सुरेख काढतो, यंत्र उघडून पुन्हा जोडतो, लहान भावंडांना सांभाळतो, हेही निदानाला उपयोगी पुरावे आहेत.

उलट बाजूने तज्ज्ञाकडून येणाऱ्या अहवालाविषयी काही अपेक्षा धरणे वावगे होणार नाही. पुष्कळदा अहवाल इंग्रजीत असतो. त्यात चाचण्यांची नावे व गुण असतात आणि अखेरीस ‘विशेष शिक्षणाची शिफारस’ एवढेच लिहिलेले असते. पालकाला तो वाचता येत नाही आणि शिक्षकाला त्यावरून उद्या सकाळी काय करावे हे समजत नाही. असा अहवाल फायलीत जातो. त्यासोबत मराठीत एक पान असावे आणि त्यावर गुणांऐवजी कृती असावी : एका वेळी एकच सूचना द्या; फळ्यावरून उतरवून घेण्याची सक्ती करू नका, छापील मजकूर द्या; उत्तर सुचण्यास वेळ लागतो, नाव घेतल्यावर दहा सेकंद थांबा; तोंडी परीक्षा घ्या; सर्वांसमोर मोठ्याने वाचावयास लावू नका. तीन महिन्यांनी कोणता उपाय लागू पडला व कोणता नाही, हे त्याच पानाच्या मागील बाजूस शिक्षकाने लिहून पुढील भेटीस परत पाठवावे. दुसऱ्या तपासणीची सुरुवात तज्ज्ञाला तेथून करता येते. पानाची एक प्रत पालकांजवळ व एक मुख्याध्यापकांजवळ राहावी, आणि जून महिन्यात मूल वरच्या वर्गात गेले, की पहिल्याच आठवड्यात ती नव्या वर्गशिक्षकाच्या हाती पडावी.